दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती आणि वेळ किती?





शाळेच्या पत्रिकेत प्राचार्यांचे पान म्हटले की परीक्षा, शिस्त आणि उपस्थिती याच विषयांची अपेक्षा असते. या वेळी आम्ही तो क्रम मोडत आहोत. इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर वर्गात पुरे झाले नाही, आणि ते आम्हाला स्वतःलाही नीट समजून घ्यायचे होते, म्हणून ते इथे लिहीत आहोत.

प्रश्न असा होता : "सर, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचे विमान पंधरा-सोळा तासांचे आहे असे सगळे म्हणतात. मग काकांना यायला दोन दिवस का लागले?"

या प्रश्नामागे एक घटना आहे. त्या कुटुंबाची परवानगी घेऊनच ती लिहीत आहोत. जानेवारी २०२३ मध्ये एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास या मुलीची आजी वारली. धाकटा मुलगा इथे इंदुरातच होता, थोरला सॅन फ्रान्सिस्कोला. त्याला लगेच फोन गेला. त्याने सांगितले, "आज रात्री साडेआठच्या थेट विमानाने निघतो. सोळा तासांत दिल्ली." आम्ही त्या घरी होतो. वडीलधारी मंडळी आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही हिशेब करा, तो कधी पोचेल?" आम्ही क्षणभरही न थांबता सांगितले, "आज रात्री साडेआठ अधिक सोळा तास, म्हणजे उद्या दुपारी साडेबारा. दिल्लीहून पुढचे विमान धरले तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत घरी."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजले. मुलगा आला नाही, फोन लागेना. सूर्यास्त जवळ आला, तसे मंडळींनी आणखी न थांबण्याचे ठरवले. धाकट्याने अग्नी दिला. थोरला शनिवारी सकाळी नऊला दारात उभा राहिला. त्याला आईचे अंत्यदर्शन झाले नाही. पुढे तेरा दिवस त्या घरात दबक्या आवाजात एकच बोलणे चालू होते, की मनात असते तर वेळेवर आला असता.

तो वेळेवरच आला होता. चुकला होता तो आमचा हिशेब. कसा, ते शेवटी सांगू. आधी अंतर समजून घेऊ, मग वेळ.

भिंतीवरचा नकाशा आणि कपाटातला पृथ्वीगोल

भूगोलाच्या तासाला आम्ही त्या मुलीला भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे पट्टीने जोडायला सांगितले. आपल्या नकाशात मधोमध युरोप आणि आफ्रिका आहेत, उजवीकडे आपण, आणि अमेरिका अगदी डावीकडे. तिने आखलेली रेघ पश्चिमेकडे गेली : इराण, इराक, इजिप्त, मोरोक्को, मग अटलांटिक महासागर, आणि सगळी अमेरिका ओलांडून सॅन फ्रान्सिस्को. या वाटेचे अंतर काढले तर ते सुमारे १८,६०० किलोमीटर भरते.

मग कपाटातला पृथ्वीगोल काढला. त्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. खऱ्या पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. तेव्हा गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर धरले, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. सारा वर्ग आश्चर्याने पाहत राहिला, कारण दोरा ना पूर्वेला गेला ना पश्चिमेला. तो उत्तरेला गेला! हिमालय, तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, आणि मग खाली सॅन फ्रान्सिस्को. दोऱ्याची लांबी भरली २९ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त. गुणाकार करा : सुमारे १२,४०० किलोमीटर. पट्टीच्या रेघेपेक्षा तब्बल ६,२०० किलोमीटर कमी.

एका मुलाने शंका काढली की जपानकडून, पॅसिफिक ओलांडून गेलो तर? शंका योग्य होती. नकाशावर त्या बाजूने सरळ रेघ धरली तर अंतर सुमारे १५,००० किलोमीटर होते. तेही दोऱ्यापेक्षा २,६०० किलोमीटरने जास्तच.

असे का होते? पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा, ती फाटल्यावाचून किंवा ताणल्यावाचून सपाट होत नाही. नकाशा करणाऱ्यांना ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो. म्हणून नकाशावर उत्तरेकडची वाट लांबची वाटते, प्रत्यक्षात ती आखूड असते. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या आणि पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक होते. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्त ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाते.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर असल्याने कोणतीही दोन शहरे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. त्यापुढे गेलात की तुम्ही दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागता.

विमान दोऱ्यावरून का जात नाही?

प्रवासी विमान साधारणपणे ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडते. १२,४०० ला ९०० ने भागले तर पावणेचौदा तास येतात. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून सव्वाचौदा म्हणा. पण प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून क्वचितच जाते. त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण जमीन. विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर असते. काही बिघाडाने आतल्या हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला लवकरात लवकर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू मर्यादित काळच पुरतो. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. तिथे खाली यायला जागाच नाही. म्हणून बहुतेक विमाने हिमालय-तिबेटला वळसा घालून जातात.

दुसरे कारण सुरक्षितता. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेवर सतत असावा लागतो. ध्रुवाजवळ असे विमानतळ फार थोडे. शिवाय तिथली थंडी अशी की इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावे लागते. नेहमीचे विमान-इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. तरीही तयारी करून ही वाट वापरता येते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवीय प्रदेशावरून गेले. त्या वाटेने प्रवासी नेणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूला थेट विमान आणले, तेही उत्तर ध्रुवावरून. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

सुरक्षिततेच्या नियमाचा उपयोग पाहायचा तर जून २०२३ ची गोष्ट पाहा. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरवावे लागले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी सुखरूप राहिले. गावात एवढ्या माणसांची सोय नव्हती, म्हणून काहींना एका शाळेत जमिनीवर गाद्या टाकून झोपावे लागले. भिंतीवरच्या नकाशात मगदान शोधा. अमेरिकेला जाताना ते वाटेत लागेल असे कोणालाही वाटणार नाही. आता पृथ्वीगोलावर शोधा, म्हणजे दोऱ्याचे महत्त्व पटेल.

तिसरे कारण परवानगी. आकाशाला कुंपण नसते असे आपण म्हणतो, ते कवितेत खरे आहे. प्रत्येक देशाचे आकाश त्या देशाच्या ताब्यात असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोपीय विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. फिनलंडच्या हेलसिंकीहून जपानच्या टोकियोला पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागत असत, ते तेरा तासांवर गेले. दोन्ही शहरे जागच्या जागी होती, तरी वाट लांबली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. म्हणून "अमुक ठिकाण इतक्या तासांवर आहे" हे वाक्य किलोमीटरइतके पक्के नसते. दोन देशांचे बिनसले की तास बदलतात.

चौथे कारण वारा, आणि ते सर्वांत मनोरंजक आहे.

लांबची वाट, कमी वेळ

सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, आपण झोतवारे म्हणू. विषुववृत्ताकडची हवा उष्ण, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे ते निर्माण होतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर.

आता ऑक्टोबर २०१६ मधले उदाहरण घ्या. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोपर्यंत युरोप-अटलांटिकच्या बाजूने जात असे, ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. त्या महिन्यात ते पहिल्यांदा पॅसिफिकच्या बाजूने नेले, वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही ते साडेचौदा तासांत पोचले, आधीच्या वाटेपेक्षा लवकर! हिशेब करा : १५,३०० भागिले १४.५, म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग ९०० धरला तर उरलेले दीडशे वाऱ्याने दिले. आधीच्या वाटेवर हाच वारा समोरून येत होता.

नदीतली नाव आठवा. प्रवाहाबरोबर वल्हवणारा आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणारा सारखेच घाम गाळतात, पण काठ सारख्या वेळात गाठत नाहीत. म्हणूनच एकाच दोन शहरांमध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा असतो. न्यूयॉर्कहून लंडनला जाणारे विमान उलट दिशेच्या विमानापेक्षा सुमारे एक तास लवकर पोचते, ते यामुळेच.

इथे एक गैरसमज दूर करू. काही विद्यार्थ्यांना वाटते की पृथ्वी खाली फिरते आणि विमान वर राहते, म्हणून वेळेत फरक पडतो. तसे नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरण आणि त्यातले विमानही फिरत असते. तसे नसते तर आकाशात जागच्या जागी थांबलेले हेलिकॉप्टर थोड्या वेळाने इंदूरऐवजी पश्चिमेकडच्या दुसऱ्याच गावी उतरले नसते का?

घड्याळ, तारीख आणि आपले उज्जैन

अंतर झाले. आता वेळ, जिथे आम्ही स्वतः चुकलो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठीत ज्याला रेखांश म्हणतात त्याला आम्ही शाळेत "देशांतर" म्हणत असू. घरी मात्र देशांतर म्हणजे देश सोडून दूर जाणे. लहानपणी आम्हाला या दोन अर्थांची गंमत वाटे. आता वाटते की तो एकच अर्थ आहे. माणूस जितके देशांतर करतो तितके त्याचे घड्याळ बदलते.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. आपल्या प्राचीन ज्योतिषींना हे ठाऊक होते. इंदूरहून साधारण ५५ किलोमीटरवर असलेल्या उज्जैनची मध्यान्हरेषा ते शून्य मानीत, आणि इतर गावांसाठी तिच्यापासून जो फरक करीत त्याला देशांतर संस्कार असेच नाव होते. ग्रीनिच हे नाव भारतात पोचण्याच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट आहे. आज भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. उज्जैन आणि इंदूर त्याच्या साडेसहा-पावणेसात अंश पश्चिमेला आहेत, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून २७ मिनिटे झालेली असतात. देशाच्या आतच अर्ध्या तासाचा फरक आहे, तर समुद्रापलीकडे किती असेल!

सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेबारा तासांचा होतो.

आता एक उदाहरण. समजा, जानेवारीत एक विमान दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघाले आणि १५ तास उडाले. दिल्लीच्या घड्याळात रविवार संध्याकाळचे सात वाजले. त्यातून साडेतेरा तास वजा करा. सॅन फ्रान्सिस्कोत रविवार पहाटेचे साडेपाचच वाजले आहेत. तिकिटावर दिसेल : निघणे चार, पोचणे साडेपाच, वार तोच. अजाण माणसाला वाटेल दीड तासाचाच प्रवास.

उलट येताना पाहा. सॅन फ्रान्सिस्कोहून रविवारी सकाळी दहाला विमान निघाले. तेव्हा आपल्याकडे रविवार रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. १६ तास उडून ते सोमवारी दुपारी साडेतीनला दिल्लीत उतरेल. तिकिटावरच्या वेळांचे अंतर साडेएकोणतीस तास! प्रवास मात्र सोळाच तासांचा. झोया अग्रवाल यांचे विमान ९ जानेवारी २०२१ च्या रात्री निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे उतरले. तारखा दोनदा बदलल्या, पण उड्डाण होते सतरा तासांच्या आसपासचे.

हे साधण्यासाठी पॅसिफिक महासागरात १८० अंश रेखावृत्ताच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा मानली आहे. ती ओलांडून पूर्वेला गेले की एक वार मागे, पश्चिमेला आले की एक वार पुढे. पृथ्वीप्रदक्षिणा करताना एक दिवस कुठे तरी जमा-खर्चात धरावाच लागतो.

तिकीट कसे वाचावे?

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आपल्या पालकांनी व आजी-आजोबांनी पुढील गोष्टी कागदावर लिहून फोनजवळ लावाव्यात, ही विनंती.

१. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघण्याची वेळ निघण्याच्या गावची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची.

२. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत करून घ्या, वारासकट. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवा. मगच बेरीज-वजाबाकी करा.

३. विमानातले तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. विमानतळावर तीन तास आधी जाणे, उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, पुढच्या विमानाची वाट आणि घरापर्यंतची गाडी हे सर्व धरा.

४. फोनवर "आज", "उद्या", "रात्री" हे शब्द एकटे वापरू नका. "माझ्या गुरुवारी रात्री, म्हणजे तुमच्या शुक्रवारी सकाळी" असे म्हणा, आणि ऐकणाऱ्यानेही तसेच उलट म्हणून खात्री करून घ्यावी.

तो हिशेब

आता त्या गुरुवारकडे परत जाऊ. इंदुरात संध्याकाळचे सहा वाजले होते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत गुरुवारचीच पहाट होती, साडेचार. मुलगा झोपेतून उठून बोलत होता. तो "आज रात्री साडेआठ" म्हणाला, म्हणजे त्याच्या गुरुवारची रात्र. ती यायला तिथे अजून सोळा तास होते. आपल्या घड्याळात ती वेळ म्हणजे शुक्रवार सकाळचे दहा. त्यानंतर सोळा तासांचे उड्डाण : शनिवार पहाटे दोन वाजता दिल्ली. पहाटेचे पहिले विमान धरून नऊला घर. गुरुवार संध्याकाळी सहा ते शनिवार सकाळी नऊ, एकूण ३९ तास. पहिले जे थेट विमान मिळाले तेच त्याने घेतले होते. एक तासही त्याने वाया घालवला नव्हता.

आम्ही मात्र त्याच्या "आज रात्री" मधली रात्र आपली समजलो. साडेतेरा तासांची चूक केली. तो उडाला आहे असे समजून रात्रभर त्याला कोणी फोनही केला नाही, आणि तो तर जमिनीवरच होता. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याचा "विमानात बसलो" असा निरोप आला होता, पण त्या धावपळीत तो कोणी पाहिलाच नाही. बरोबर वेळ कळली असती तर मंडळी शनिवार सकाळपर्यंत थांबली असती की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण निर्णय खऱ्या आकड्यांवर झाला असता, आणि नंतर त्याच्याविषयी कोणी तसे बोलले नसते.

त्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सर्वांसमोर कागदावर हा हिशेब मांडला आणि चूक आमची होती असे सांगितले. नंतर थोरल्या मुलालाही फोन केला, या वेळी त्याची वेळ बघून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, चूक माझीही आहे. मी 'आज' म्हणालो. इथे वीस वर्षे राहिलो तरी आईशी बोलताना मला आपण दोघे एकाच घड्याळात आहोत असेच वाटायचे."

विद्यार्थ्यांनो, त्रैराशिक आणि वजाबाकी आम्ही तुम्हाला गुणांसाठी शिकवतो, हे काही खोटे नाही. पण कधी तरी एखाद्या घरात सगळे तुमच्या तोंडाकडे पाहतील आणि म्हणतील, "तू शिकलेला आहेस, हिशेब कर." त्या वेळी उत्तर देण्याची घाई करू नका. आधी विचारा, "कोणाच्या घड्याळाप्रमाणे?" आम्ही विचारले नव्हते.

इयत्ता सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घरचा अभ्यास : आपल्या नात्यातील किंवा शेजारचे कोणी परदेशी राहत असेल त्यांचे शहर निवडा. शाळेच्या पृथ्वीगोलावर इंदूरपासून दोऱ्याने अंतर मोजा (एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर). दोन्ही ठिकाणच्या घड्याळांतला फरक काढा, आणि तिथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे कोणता वार आणि किती वाजलेले असतात ते लिहा. पृथ्वीगोल आता कपाटात कुलूपबंद नाही; तो आमच्या खोलीबाहेरच्या टेबलावर ठेवला आहे आणि दोराही तिथेच आहे.

आमच्या मराठीत हिंदीची छाया आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. हिशेबात चूक आढळल्यास मात्र सांभाळून घेऊ नये, लगेच येऊन सांगावे.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य